कासरा ढिला सोडलाय, नाना

नाना, गाडी अंगणात उभी आहे. लिंबाखाली, तुम्ही लावायचात तशीच, रस्त्याकडे तोंड करून. दुपारीच तापीकाठच्या प्रकाशा गावाहून परत आलो. अक्षर वाकडं येईल. माझी शाळा चौथीत सुटली आणि तुमची सुरूच झाली नव्हती, म्हणून अक्षराला नावं ठेवणारं आपल्या दोघांत कुणी नव्हतंच.

सुतक फिटलं की गंधमुक्तीला आपल्या धानोऱ्यातली माणसं जमतील, पंगतीत बसतील आणि म्हणतील, सुपडू नाना देवमाणूस होता. म्हणू देत. मी म्हणणार नाही. देवमाणसाशी कुणी भांडत नाही, आणि आपण तर दिवस उजाडला की भांडायचो. ते भांडण अर्ध्यावर टाकून तुम्ही हिवतापाचं निमित्त करून निघून गेलात. हे मला मान्य नाही. ज्याच्याशी भांडायचं तोच उठून गेला तर मागे राहिलेल्याने काय भिंतीशी बोलायचं? म्हणून लिहितो आहे. उत्तर देता येत नाही ही आता तुमची अडचण, माझी नव्हे.

आधी लहान भांडण उरकतो. तुम्ही नेहमी चिडायचात, "माले तुम्ही तुम्ही काबर करस रे? मी काय मामलेदार शे का?" तुमच्या अहिराणीत बापालाही तू आणि देवालाही तू. आमच्या वेंगुर्ल्याकडे वडीलधाऱ्या माणसाला तू म्हटलं तर गालावर बोटं उठतात. मी म्हणायचो, नाना, जीभ वळत नाही. तुम्ही म्हणायचात, "मंग जीभले तेल लाव. दिनभर मशीनले लावस ना!" आजही मी तुम्हीच म्हणतो आहे. तुमचं ऐकायचं नाही असं ठरवूनच बसलोय.

आपली ओळखसुद्धा भांडणानेच झाली. मी लाकडाच्या ठेकेदाराच्या लॉरीबरोबर एवढ्या लांब आलो होतो. ठेकेदाराचं काम बसलं, तो निघून गेला आणि मी नंदुरबारच्या बाजारात उभा राहिलो. खिशात काही नाही, ओळखीचं कुणी नाही, आणि बोललेलं निम्मं कळत नाही. कापसाच्या जिनासमोर तुमची लॉरी आडवी बंद पडली होती. मागे बैलगाड्यांची रांग लागलेली. गाडीवान ओरडत होते, "नाना, बैल जुप रे तिले!" आणि तुम्ही उतरून लॉरीच्या बॉनेटवर थाप मारत होतात, जसं काही जनावर दमलं आहे.

न विचारता मी बॉनेट उचललं. इंजिन जिथून हवा घेतं त्या तोंडावर तुम्ही आपल्या जुन्या फेट्याचं फडकं चौपदरी करून बांधलं होतं. त्यात जिनातली सगळी रुई येऊन बसली होती. एवढी रुई, की कुणी उशी करून घेतली असती. मी फडकं ओढून काढलं तसे तुम्ही माझं मनगट धरलंत.

"काय करी ऱ्हायना रे? तिले धूळ लागी ना!"

"तिला श्वास लागलाय," मी म्हटलं.

हँडल मारलं आणि गाडी सुरू झाली. मागचे गाडीवान हसले. तुम्ही हसला नाहीत. मला वरपासून खालपर्यंत पाहून विचारलंत, "कोनता गावना?"

"मी कोकणी."

"कोकणी? मंग नवापूरले जाय ना, अठे काय करस?" आणि तुम्ही जिनातल्या एका हमालाला हाक मारलीत. तो नवापूरकडचा, त्यांच्या जमातीचं नावच कोकणी. तो येऊन माझ्याशी त्याच्या घरच्या बोलीत काहीतरी भराभर बोलला. मी तोंड उघडं टाकून उभा. त्याने तुम्हाला सांगितलं, "नाना, हा कोकणी नाही. खोटं बोलतो." तेव्हापासून धानोऱ्यात माझं नाव पडलं, खोटा कोकणी. समुद्राकाठी कोकण नावाचा मुलूख आहे हे तुम्हाला पटलं होतं की नाही, देव जाणे. पण त्या दिवशी तुम्ही मला गाडीत घालून घरी आणलंत. तुमच्या कारभारणीने, मोठी मायने, ज्वारी-उडदाची कळण्याची भाकर आणि ठेचा पुढे ठेवला. पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. तुम्ही तिला म्हणालात, "घरनी आठवन उनी त्याले." ती म्हणाली, "मिरची लागनी त्याले." दोघांचं बरोबर होतं.

हे मी तुम्हाला कधी बोललो नाही. बोलायचं राहिलं त्यात हे पहिलं.

दुसरं भाताचं. लढाईचे दिवस, रेशन, आणि इथे सगळी ज्वारी खाणारी माणसं. तरी नवापूरच्या बाजूला खेप गेली की तुमच्या सीटखाली फडक्यात बांधलेला तांदूळ यायचा. देताना तुम्ही माझ्याकडे पाहायचा नाहीत. "चिमण्यांसाठी आना," म्हणायचात. चिमणी मीच होतो. नाना, तो भात गिळताना मला आई दिसायची. पण तुम्हाला धन्यवाद म्हणायचं म्हणजे तुम्ही चार शिव्या घालणार, या भीतीने मी नुसता जेवत राहिलो.

आता मोठं भांडण.

तुमचं सगळं आयुष्य बैलगाडीवर गेलं आणि लॉरी उतारवयात आली. तिला तुम्ही बैलाचीच भाषा लावलीत. ॲक्सिलेटर म्हणजे चाबूक. ब्रेक म्हणजे कासरा. आणि तुमचा पाय कायम कासऱ्यावर. सपाट रस्ता असो, चढ असो, उजवा पाय चाबकावरून उचलला की लगेच ब्रेकवर टेकायचा आणि तिथेच राहायचा. मी म्हणायचो, नाना, पाय काढा. तुम्ही म्हणायचात, "कासरा थोडा ताठ लागस. मालक मांगे शे हाई जनावरले कयाले पाहिजे."

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. तोरणमाळच्या पायथ्याकडे डिंक-चारोळीची खेप निघाली की तुम्ही आदल्या दिवशी गाडीखाली शिरायचात, आणि चारी चाकांकडे ब्रेकचे जे लोखंडी गज जातात त्यांचे नट आणखी एक पीळ आवळायचात. डोंगर आहे, कासरा पक्का पाहिजे. परत आल्यावर ते कुणी सैल करायचे? कुणीच नाही. पुढच्या खेपेला आणखी एक पीळ. एकदा मी गुपचूप सैल केले. दुसऱ्याच दिवशी तुम्ही पुन्हा आवळलेत आणि दिवसभर माझ्याशी बोलला नाहीत.

मग गाडी चालणार कशी? चाकं धरलेली आणि इंजिन ओढतंय. पेट्रोल कुपनावर मिळायचं आणि निम्मं पेट्रोल आपल्याच ब्रेकशी कुस्ती खेळण्यात जायचं. चढावर तुम्ही ॲक्सिलेटर पार खाली दाबायचात आणि गाडी मात्र विचार करत बसायची. तुम्ही कपाळाला हात लावायचात. "दख, चाबूक लागी नही ऱ्हायना! इंजिन म्हातारं व्हई गयं."

"इंजिन चांगलं आहे. ब्रेक धरतायत."

"तू भित्रा शे, आनि माले बिरेक सोडाले सांगस?"

"भित्रा आहे म्हणूनच सांगतो. धरून धरून तापलेला ब्रेक लागायच्या वेळेला लागत नाही."

"शहाणा शे मोठा! खोटा कोकणी!"

मी भित्रा आहे हे खरंच. दर थांब्याला उतरून चाकं बघतो, दोरांच्या गाठी बघतो, पुन्हा बघतो. तुम्ही वरून विचारायचात, "चाकं पयी जातीन का रे?" आणि खाली चाकं एवढी तापलेली असायची, की हात लावला तर साल निघेल. करपल्याचा वास यायचा. मग तुम्ही डबा घेऊन उतरायचात आणि बैलाला न्हाऊ घालावं तसं त्या तापलेल्या लोखंडावर पाणी ओतायचात. चर्र आवाज व्हायचा. मी ओरडायचो, नाना, तडा जाईल! तुम्ही चाकावर थाप मारत म्हणायचात, "हो बेटा, हो. दमना का?" त्या वेळी तुमचा एवढा राग यायचा की सांगता सोय नाही. आणि आज सकाळी नदीकाठी तोच आवाज मला पुन्हा ऐकावासा वाटला.

अर्धं म्हणणं तुमचं बरोबर होतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. नुसते ब्रेक नव्हते. इंजिनही पूर्ण उठत नव्हतं. बॉनेट उघडून मी कार्बुरेटरचा गज हाताने ओढला की झडप पुरती उघडायची आणि इंजिन गर्जायचं. तुम्ही आत बसून पायाने दाबलंत की निम्मंच. मला कोडं सुटत नव्हतं. तुमच्या सीटवर तुम्ही मला कधी बसू दिलं नाहीत. पायाखाली कायम गोणपाट टाकलेलं. त्याला कुणी हात लावला तर तुमचा आवाज चढायचा. ठेकेदाराची लॉरी मी चालवत असे, हे तुम्हाला माहीत होतं. तरी म्हणायचात, "तू आजून कच्चा शे."

आणि मग कार्तिकात ताप आला आणि तुम्ही गेलात.

पाचव्या दिवशी अंगणात काय झालं ते तुम्हाला कळायला हवं. तुमचा पुतण्या रामदास, ज्याने तुम्हाला अग्नी दिला, तो वाईट माणूस नाही. पण त्याला लॉरी म्हणजे दारातलं अपशकुनी लोखंड वाटतं. तो मोठी मायला म्हणाला, "मोठी माय, गाडी दी टाक मोडीले. लढाईमा लोखंडले भाव शे. ह्या गाडीनीच नानाले खादं. दिनरात तिन्हाच मांगे."

"तापनी खादं त्याले," मोठी माय म्हणाली.

"पन आते तिले चालाडी कोन? हाऊ कोकण्या? उतार उना का डोया मिटस तो!"

सगळे हसले. सुतकाच्या घरातही माणसं हसतात, नाना. मीही हसलो असतो, पण मी गाडीकडे बघत होतो. गाडी गेली की मी कोण? धानोऱ्यात माझं ना शेत, ना नातं. गावाला परत जायचं तर आई गेल्याला काळ लोटला, घराला भावाचं कुलूप. या गाडीच्या मागच्या फळीवर माझी सगळी दुनिया. तरीही तेव्हा मी जे बोललो ते पोटासाठी बोललो नाही. मला राग आला होता. तुम्ही जिला म्हातारी म्हणायचात, रामदास जिला मोड म्हणत होता, तिला कुणी एकदा नीट पळू दिलं नव्हतं.

मी म्हटलं, "गाडीला काही झालेलं नाही. दोन दिवस मला द्या. मी सिद्ध करून दाखवतो."

मोठी माय ओट्यावर बसली होती. कपाळ उघडं, हात उघडे. मला वाटलं तिचं लक्ष नाही. ती म्हणाली, "दहावाले प्रकाशाले जानं शे ना? बैलगाडीवर नही जानं. त्यानीच गाडीवर जासूत. येताना तापीना काठ चढनी तर गाडी ऱ्हाई. नही चढनी, तर रामदास, तू दी टाकजो."

"आनि तू बी येशी?" रामदासने विचारलं. "बाया दहावाले जातीस का कठे?"

"मी जासू," ती म्हणाली. मग ती उठून आत गेली. बोलणं संपलं.

दुसऱ्या दिवशी मी गाडी जॅकवर चढवली. एकेक चाक उचलायचं आणि हाताने फिरवायचं. मोकळं चाक एका धक्क्याला फिरत राहतं. आपलं चाक अर्धा वेढा घ्यायचं आणि कण्हत थांबायचं. चारही तसेच. ड्रम खोलले तर आत तापीकाठची काळी माती सुकून वीट झालेली. ब्रेक मागे ओढणारी स्प्रिंग मागच्या एका चाकाला नव्हतीच. तुम्ही तिथे सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधली होती. उष्णतेने ती चघळलेल्या विड्यासारखी झाली होती. माती खरवडली, रॉकेलने धुतलं, जिनाच्या भंगारातून एक स्प्रिंग शोधून बसवली, गज साफ केले, तेल दिलं. मग नट उलटे फिरवले. एकेक पीळ सैल करताना मला तुमचा पाठीमागून आवाज ऐकू येत होता. मी मागे वळलो नाही. ब्रेकचं पायंडल आता पहिल्यांदा थोडं रिकामं जायचं आणि मग धरायचं. तेवढं रिकामं असलं तरच चाक मोकळं राहतं.

मग मी तुमच्या सीटवर बसलो. कुणी नको म्हणायला नव्हतं. ते जास्त लागलं.

ॲक्सिलेटर दाबला. मध्येच टक् करून थांबला. गोणपाट उचललं. खाली पायंडलाच्या पोटाखाली लाकडाचा एक तुकडा तारेने घट्ट आवळून बांधला होता. पाय कितीही दाबा, त्या लाकडावर येऊन अडणार. लाकूड जुनं, तार गंजलेली. म्हणजे मी यायच्या आधीचं.

मी ते सोडवून हातात घेतलं आणि उतरलो. मोठी माय पाण्याची कळशी घेऊन समोरून येत होती. तिने पाहिलं, कळशी खाली ठेवली.

"हाई तर मन्हं धोपटनं!"

कपडे धोपटायचं धोपटणं. त्याचा अर्धा तुकडा, मूठ नसलेला. ती हातात घेऊन उलटंपालटं करत राहिली. "व माय! मी म्हनू शेजारीननी चोरं. वरीसभर तिन्हासंगे बोलनी नही मी!" आणि तिला हसू आलं. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. पदर तोंडावर धरून ती हसत राहिली आणि मग त्याच पदराने डोळे पुसत खाली बसली.

मग तिने सांगितलं, जे तुम्ही मला इतक्या वर्षांत सांगितलं नाहीत. गाडी नवी आणलीत त्या पहिल्याच दिवशी ती तुमच्या पायाखालून उधळली. तुम्ही चाबूक दाबलात तो सोडायचं सुचलं नाही. गाडी खळ्यातून, कडब्याच्या गंजीतून आरपार, विहिरीच्या काठाशी जाऊन अडकली. "हो हो करी ऱ्हायना व्हता," ती म्हणाली, "पन ती काय बैल शे हो म्हनताच उभी ऱ्हावाले? घर उना तवय अंगवर कडबा, आनि थरथर कापी ऱ्हायना व्हता. माले म्हने, कोनले सांगजो नको."

म्हणजे तुम्ही घाबरला होतात. एका टोकाला लाकूड बांधलंत की ती पळू नये, दुसऱ्या टोकाला नट आवळलेत की ती थांबावी. आणि वर तिला म्हातारी म्हणायचात. आणि मला भित्रा.

नाना, मला फार राग आला. एवढी वर्षं मी आपल्या भीतीची लाज बाळगत तुमच्या शेजारी बसलो. उताराला डोळे मिटायच्या आधी तुमच्या खांद्याकडे बघायचो. वाटायचं, हा माणूस कशाला भीत नाही. आणि तुमच्या पायाखाली लाकूड! एक शब्द बोलला असतात तर दोन भित्र्यांनी मिळून गाडी किती झकास चालवली असती.

मी मोठी मायला म्हटलं, गाडीला हात लावून ढकला. "मी?" तुम्हीच. सपाट अंगण, गिअर सोडलेला. तिने एक तळहात मागच्या फळीवर ठेवला आणि जरा जोर दिला. गाडी हलली. हळूच, आवाज न करता, तुळशीकडे निघाली. तिने घाबरून हात काढला तरी गाडी चालत राहिली. मला पळत जाऊन थांबवावी लागली. ती आपल्या तळहाताकडे बघत उभी होती. म्हणाली, "इतली हलकी व्हती का रे ती?"

प्रकाशाच्या अलीकडचा काठ तुम्हाला ठाऊक आहे. रस्ता तापीत उतरतो तो घसरूनच. गाडीत माणसं भरलेली, पुढे मोठी माय, तिच्या मांडीवर ते लाकूड. कशाला आणलंय म्हणून मी विचारलं नाही. उतारावर मी डोळे मिटले नाहीत. सैल ठेवलेला ब्रेक दाबल्याबरोबर धरत होता, सोडल्याबरोबर सोडत होता. खाली आल्यावर मी उतरून चाकांना हात लावला. सवय. चाकं गार होती. मी दोन्ही हात लावून बघितले, नाना. चाकं गार होती.

नावेने पलीकडे गेलो. भटजींनी विधी केले, पिंड ठेवले. कावळे समोरच्या झाडावर बसलेले. एकही उतरेना. रामदास हात जोडून म्हणाला, "नाना, शेत राखसू. मोठी मायले काही कमी पडू देनार नही." कावळ्यांनी चोच साफ केली. कुणी म्हणालं, देवळाला दिवा लावू म्हणावं. तेही म्हणून झालं. ऊन चढलं. माणसं कुजबुजू लागली, इच्छा राहिली नानाची.

मोठी मायने मला कोपराने ढकललं. "तू बोल. तुन्हासंगेच भांडन व्हतं त्यानं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्यांना काय हवं होतं ते मला कळत होतं. म्हणायचं होतं, नाना, तुमच्या मनाप्रमाणे करू. एवढं म्हटलं असतं तर कदाचित कावळा आलाही असता. पण खोटं बोलून तुम्हाला जेवायला घालू?

मी मोठ्याने म्हणालो, "नाना, गाडी पळवीन. पण कासरा पुन्हा आवळणार नाही. आणि लाकूड लावणार नाही. हा शब्द माझ्याकडून मिळायचा नाही. पटत नसेल तर जेवू नका."

भटजींनी डोळे मोठे केले. आणि कावळे, नाना, एकजात उडून गेले. ते तुमचंच काम असणार, मला खात्री आहे. तुम्ही असता तर ताटावरून असेच उठून गेला असता.

भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि विधी पुरा केला. परत अलीकडे येऊन गाडीत बसलो तसे रामदासने गाडीसमोर हात आडवे केले. "दखं ना? कावया शिवना नही. आते ह्या गाडीमा कोनी बसू नका. काठ पायी चढा."

माणसं उतरायला लागली. खोटं कशाला बोलू, मलाही उतरून पायी जावंसं वाटलं. रिकामी गाडी चढवली असती तर सोपं होतं, पण मग ते सिद्ध काय झालं असतं? मोठी माय जागची हलली नाही. तिने मागे वळून म्हटलं, "ज्याले पायी जानं शे तो जाय. मी बठेल शे. तो जित्ता व्हता तवय तरी कवय मन्हं आयकं त्यानी? आते तो मरना म्हनीसन मी त्यानं का आयकू?"

तिच्या या बोलण्यावर तुमच्या वयाचे दोघेतिघे हसत पुन्हा वर चढले. मग बाकीचेही. फक्त रामदास खाली राहिला. त्याने काठावरचा एक मोठा धोंडा उचलला आणि गाडीच्या मागे उभा राहिला. गाडी मागे आली तर चाकाखाली घालायला. म्हटलं ना, वाईट माणूस नाही.

मी गाडी चढाला घातली. पहिला टप्पा सरळ गेला. दुसऱ्या वळणावर उभा चढ आला आणि माझा पाय आपोआप मध्येच थांबला, जिथे इतकी वर्षं लाकूड होतं नेमका तिथेच. लाकूड तर मोठी मायच्या मांडीवर होतं. मग हे कुठलं? गाडी मंदावली. मागून कुणीतरी "राम राम" म्हणायला लागलं.

मोठी मायने समोर बघतच म्हटलं, "दाब रे."

मी दाबला. पायंडल खाली, आणखी खाली, पत्र्याला जाऊन टेकलं. आणि नाना, ती उठली. तुम्ही तिचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. चाकांखालून धूळ उडाली, मागची माणसं एकमेकांवर पडली, कुणाची टोपी गेली, आणि आम्ही काठावर होतो. सपाट रस्ता, दोन्ही बाजूंना ज्वारी. मी पाय उचलला तरी गाडी आपली पुढे जात राहिली.

मी खिडकीतून तोंड बाहेर काढलं, नदीकडे, आणि ओरडलो, "बघ नाना! बघ!"

बघा नाही. बघ. जीभ कशी वळली ते कळलं नाही. तेलसुद्धा लागलं नाही.

खालून रामदास धापा टाकत आला. धोंडा अजून छातीशी धरलेला. टाकायचं सुचलंच नव्हतं त्याला. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, चाकाला हात लावला, मग मोठी मायकडे बघून म्हणाला, "ऱ्हाऊ दे मंग." आणि धोंडा खाली टाकून मागे चढून बसला.

ते लाकूड मोठी मायने घरी आल्यावर चुलीत घातलं. म्हणाली, शेजारणीकडे जाऊन येते, माफी मागायची आहे. ती गेली आहे. मी एकटाच अंगणात बसून हे लिहितो आहे.

तर नाना, तू हरलास. इंजिन म्हातारं नव्हतं. पण तू घाबरत होतास हे लपवलंस, त्याचा राग अजून गेलेला नाही, आणि तो मी सोडणारही नाही. तेवढाच तुझ्याशी बोलायला राहील. मीही घाबरतोच. पुढच्या उताराला घाबरेन, दर थांब्याला उतरून चाकं बघेन, ती गार लागली की तुझी आठवण काढेन. तुझ्या भाताला, तुझ्या भाकरीला, बाजारातून मला उचलून आणलंस त्या दुपारीला मी काय म्हणणार? काही म्हणालो तर शिवी घालशील. घाल.

उद्या कापूस भरून जिनाला जायचं आहे. यायचं असेल तर ये. पण माझ्या शेजारी बस, आणि पाय जवळ घेऊन बस. ब्रेकवर ठेवायचा नाही.